कल्पसंख्या आणि कृष्णाकांठ

वाईच्या घाटावर, संगममाहुलीस, कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, किंवा सांगलीजवळ हरिपूरास वारणा कृष्णेला मिळते तेथें, कोणतेंहि धर्मकृत्य आरंभितांना यजमानाकडून प्रथम संकल्प म्हणवून घेतात. हातावर पाणी घेऊन उपाध्याय सांगतील ते शब्द आपण उच्चारतों. पण बहुतेकांचें लक्ष बोटांतून पाणी गळूं नये इकडेच असतें. त्या शब्दांचा अर्थ पाहूं गेल्यास मात्र मोठी मौज दिसते. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचें दुसरें परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावी युगचौकडी, कलियुगाचा पहिला चरण, अशा पायऱ्या उतरत संकल्प संवत्सराला, महिन्याला, तिथीला आणि शेवटीं कृष्णेच्या तीरावर उभ्या असलेल्या एका माणसाच्या नांवगोत्राला येऊन पोंचतो. पाकिटावर आपण गांव, तालुका, जिल्हा लिहितों, तसाच हा काळांतला पत्ता होय. भूमीवरच्या पत्त्यांतील नांवें बदलतात. १९४९ सालीं साताऱ्याचा दक्षिण भाग तोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याचेंच नांव सांगली पडलें. काळाच्या पत्त्यांतील कल्प मात्र शेंकडों वर्षें आहे तोच आहे.

हा कल्प म्हणजे ४,३२,००,००,००० वर्षें. ह्या संख्येसंबंधीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, पाहा, आमच्या पूर्वजांना विश्वाचें वय ठाऊक होतें. दुसरें म्हणतें, ही सारी पौराणिकांची अतिशयोक्ति. शून्यें लिहावयास काय लागतें? दोन्हीं मतांचे पुरस्कर्ते संख्येकडे दुरून पाहतात. तिला भागून, तिचे अवयव पाडून, ती कोणत्या कामाला लावली होती हें पाहण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. ते श्रम आज वाचकांसह आम्ही घेणार आहों. पाटी-पेन्सिल हाताशीं असल्यास उत्तम. गणित भागाकारापलीकडचें नाहीं.

प्रथम संख्येची बांधणी पाहूं. कलियुग ४,३२,००० वर्षांचें. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. एक, दोन, तीन आणि चार मिळून दहा. म्हणून युगांची एक चौकडी, म्हणजे महायुग, ४३,२०,००० वर्षांचें. आणि अशीं एक हजार महायुगें म्हणजे एक कल्प. सर्व इमारतीची वीट एकच, ४,३२,०००. ही वीट कोठून आली? शतपथ ब्राह्मणांत ऋचांचा अक्षरांनीं हिशेब सांगितला आहे: छत्तीस अक्षरांच्या १२,००० बृहती, किंवा चाळीस अक्षरांच्या १०,८०० पंक्ति. कोणताहि गुणाकार करा, ४,३२,००० च येतात. आणि १०,८०० ही संख्या वर्षाचे ३६० दिवस व दिवसाचे तीस मुहूर्त ह्यांचा गुणाकार होय. इकडे बाबिलोनचा पुरोहित बेरोसस ह्यानें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत ग्रीक भाषेंत आपल्या देशाचा इतिहास लिहिला. त्यांत जलप्रलयापूर्वींच्या दहा राजांनीं मिळून नेमकीं ४,३२,००० वर्षें राज्य केल्याचें सांगितलें आहे. बाबिलोनी लोक साठांनीं मोजीत, आणि साठाच्या घनाची दुप्पट म्हणजे ४,३२,०००. कोणी कोणाकडून घेतलें ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. वर्षाला ३६० भाग पाडून मोजणाऱ्या कोणत्याहि समाजास ही संख्या सहज सांपडण्यासारखी आहे, एवढें खरें.

तिचे अवयव पाडल्यास हें अधिक स्पष्ट होतें. कल्पाच्या संख्येंत २ हा अवयव अकरा वेळां, ३ हा तीन वेळां आणि ५ हा सात वेळां येतो. चौथी मूळ संख्या तिच्यांत नाहीं. त्यामुळें तिला निःशेष भागणाऱ्या संख्या एक धरून ३८४ आहेत. बारा, तीस, साठ, तीनशेंसाठ, ह्या आमच्या कालगणनेच्या सर्व मापांनीं ती भागली जाते. सातानें मात्र भागली जात नाहीं. वारांचा आठवडा मागाहून आला, त्याला ह्या जुन्या इमारतीत जागा राखलेली नव्हती.

मन्वंतरांची सोय तर पाहण्यासारखी आहे. कल्पांत चौदा मनु व्हावयाचे आणि महायुगें तर हजार. हजाराला चौदा भागत नाहीं. प्रत्येक मनूला एकाहत्तर महायुगें दिलीं तर ९९४ होतात, सहा उरतात. तेव्हां प्रत्येक मन्वंतराच्या आधीं व शेवटच्याच्या नंतर एक, असे पंधरा संधि कल्पिले आणि प्रत्येकास कृतयुगाएवढा, म्हणजे चार कलियुगांचा काळ दिला. पंधरा चोक साठ. साठ कलियुगें म्हणजे बरोबर सहा महायुगें. भागाकाराची बाकी अशा रीतीनें जिरविली. हें पुराण रचणाऱ्याचें काम असो वा गणिताचें, त्याच्या हातीं हिशेब पक्का होता हें नाकारतां येणार नाहीं.

आतां चालू कलियुगाच्या आरंभापर्यंत कल्पाचा किती भाग गेला? कलियुगाच्या मापानें मोजूं. सहा मन्वंतरांचीं ४,२६०. सात संधींचीं २८. सातव्या मन्वंतरांतील सत्तावीस महायुगांचीं २७०. आणि कृत, त्रेता, द्वापर ह्यांचीं ९. बेरीज ४,५६७. चार, पांच, सहा, सात असे क्रमानें आलेले आंकडे पाहून वाचकांस गंमत वाटेल, पण तो योगायोग आहे. ह्याची वर्षें १,९७,२९,४४,०००. त्यांत शालिवाहन शकाच्या आरंभापर्यंतचीं ३,१७९ मिळवावीं आणि पुढें शक मिळवीत जावा. शके १९४७ च्या आरंभीं कल्पाचीं १,९७,२९,४९,१२६ वर्षें गत झालीं होतीं. सूर्यसिद्धांत सृष्टिरचनेचा काळ म्हणून ह्यांतून १,७०,६४,००० वर्षें वजा करतो. म्हणून कित्येक पंचांगांच्या पहिल्या पानावर त्या शकास १,९५,५८,८५,१२६ ही संख्या आढळते.

येथवर पुराण. आतां ज्योतिषी ह्या संख्येचें काय करतो तें पाहूं. सातारा-सांगलीकडील वाचकांस त्यासाठीं दूर जावयास नको. कन्यागताची आठवण पुरे. गुरु कन्याराशींत आला म्हणजे गंगा कृष्णेच्या भेटीस येते अशी श्रद्धा आहे, आणि महाबळेश्वरापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत स्नानाला गर्दी लोटते. २०१६ सालीं असेंच पर्व झालें. लोक म्हणतात, बारा वर्षांनीं कन्यागत येतें. परंतु गुरूची प्रदक्षिणा बरोबर बारा वर्षांची नाहीं. ती थोडी कमी आहे. किती कमी, हें अपूर्णांकानें सांगितलें पाहिजे. आणि अपूर्णांकाचा छेद जितका मोठा, तितकें माप बारीक. ब्रह्मगुप्तानें इसवी सन ६२८ मध्यें ब्रह्मस्फुटसिद्धांतांत, आणि त्याला अनुसरून सह्याद्रीच्या आश्रयास राहिलेल्या भास्कराचार्यांनीं ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणींत, एकच युक्ति योजिली: कल्पाच्या आरंभीं सर्व ग्रह मेषारंभीं एकत्र होते, कल्पाच्या शेवटींहि ते तेथेंच येतील, असें धरावें, मग मधल्या काळांत प्रत्येकाच्या प्रदक्षिणा, म्हणजे भगण, पूर्ण संख्येनेंच सांगतां येतात. गुरूचे भगण ३६,४२,२६,४५५. ह्या संख्येनें कल्पाला भागलें म्हणजे एका प्रदक्षिणेस ११ वर्षें आणि वर्षाचे सुमारें ८६ शतांश लागतात. दिवसांच्या मापानें पाहिलें तर आधुनिक गणिताशीं फरक चार हजार तीनशें बत्तीस दिवसांत सुमारें आठ तासांचा!

म्हणजे कल्प हा ह्या सर्व अपूर्णांकांचा समान छेद होय, आणि आमच्या मतें ह्या मोठ्या संख्येचें मर्म ह्या एका वाक्यांत आहे. ज्योतिष्याला सृष्टीचें वय सांगावयाचें नव्हतें. ग्रहांची गति बारीक मापानें लिहावयाची होती. भगणांत एक मिळविला किंवा एक वजा केला तर ग्रहाच्या वार्षिक गतींत किती फरक पडेल? वर्तुळाच्या १२,९६,००० विकला. त्यांना ४३२ कोटींनीं भागलें तर विकलेचे केवळ दहाहजारांश तीन. हजार वर्षांनींहि हा फरक विकलेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच. एखाद्या बारीक मळसूत्राप्रमाणें ही संख्या हवी तेवढी फिरवून गणित आकाशाशीं जुळवितां येतें. ४९९ मध्यें आर्यभटानें ४३,२०,००० वर्षांच्या महायुगावरच काम चालविलें होतें. तेथें एक भगण बदलला तर हजार वर्षांत पांच कलांचा फरक पडतो. छेद हजारपट वाढविल्यानें माप हजारपट बारीक झालें.

भास्कराचार्यांच्या मतें कल्पाचे सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, १५,७७,९१,६४,५०,०००. लीलावतींत एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत, त्यांप्रमाणें ही संख्या महापद्माच्या स्थानीं पोंचते. इतक्या अवाढव्य संख्येशीं माणूस कसा व्यवहार करणार? येथें आमच्या गणितज्ञांची अपवर्तनाची रीत कामास येते. दिवस आणि वर्षें ह्या दोन्हीं संख्यांना समान अवयवांनीं भागीत जावें. वाचकांनीं करून पाहावें. शेवटीं ११,६८,८२७ दिवस आणि ३,२०० वर्षें एवढेंच उरतें, आणि पुढें समान अवयव नाहीं. म्हणजे वर्ष ३६५ दिवस, १५ घटका, ३० पळें आणि साडेबावीस विपळें. चंद्राचेंहि तसेंच. कल्पांत चांद्रमास ५३,४३,३३,००,०००. अपवर्तन केलें असतां २८,८०० वर्षांत ३,५६,२२२ चांद्रमास आणि १,०५,१९,४४३ दिवस. ह्या २८,८०० वर्षांत अधिकमास १०,६२२. हीं चार संख्यांचीं नातीं एकदां हातीं आलीं म्हणजे सूर्यचंद्रांपुरतें पंचांग करावयास महापद्माची गरज नाहीं. कल्पांत हें २८,८०० वर्षांचें चक्र दीड लक्ष वेळां फिरतें, इतकेंच.

ही संख्या कशी चपखल बसविली आहे ह्याचा एक पडताळा सांगतों. कल्पाचा आरंभ रविवारीं धरतात. कलियुगारंभापर्यंतचीं १,९७,२९,४४,००० वर्षें ३,२०० नीं भागा. बाकी न उरतां ६,१६,५४५ येतात. त्यांना ११,६८,८२७ नीं गुणा. ७,२०,६३,४४,४२,७१५ दिवस येतात. ह्या बारा अंकी संख्येला सातानें भागा, बाकी पांच. रविवारपासून पांच दिवस पुढें गेलें म्हणजे शुक्रवार. आणि कलियुग शुक्रवारीं सुरू झालें, तो दिवस इसवी सनापूर्वीं ३१०२ चा १८ फेब्रुवारी, ही ज्योतिष्यांची सर्वमान्य परंपरा. बाकी राहिली नाहीं ह्याचा अर्थ असा कीं, कलियुग अगदीं सूर्योदयास लागलें. आकाशांत असें घडलें म्हणून संख्या अशी आली नाहीं. असें घडावें म्हणून संख्या अशी निवडली.

मग सूर्यचंद्रांना २८,८०० वर्षें पुरत असतां कल्प एवढा लांबविण्याचें कारण काय? कारण इतर ग्रह. गुरूच्या भगणसंख्येला आणि कल्पाला समान अवयव फक्त ५. म्हणून गुरु वर्षारंभीं नेमका मेषारंभीं परत यावयास ८६,४०,००,००० वर्षें लागतात. त्याहून अवघड ग्रहांचीं मंदोच्चें, म्हणजे कक्षेंतील तीं स्थानें कीं जेथें ग्रहाची गति सर्वांत मंद असते. हीं स्थानेंहि अतिशय सावकाश सरकतात असें मानिलें होतें. ब्रह्मगुप्तानें कल्पांत सूर्याच्या मंदोच्चाचे भगण ४८० धरले, मंगळाच्या २९२, आणि शनीच्या अवघे ४१. एकेचाळीस ही मूळ संख्या. दोन, तीन आणि पांच ह्यांशिवाय अवयव नसलेल्या कल्पाशीं तिचें कांहींच नातें नाहीं. त्यामुळें शनीचें मंदोच्च आणि वर्षारंभ ह्यांची गांठ पुरा कल्प संपल्याशिवाय पडत नाहीं. ४३२ कोटींतील एकहि वर्ष कमी करून चालणार नाहीं!

आणि नेमकें येथेंच ह्या विद्येचें दुबळें अंग दिसतें. कल्पांत ४१ भगण म्हणजे हजार वर्षांत बारा विकला. इतकी अल्प गति दुर्बिणीशिवाय कोणत्याहि पुरुषाला, किंवा पुरुषांच्या चाळीस पिढ्यांना, पाहतां येणें शक्य नव्हतें. ती पाहिलेली नाहीं, बसविलेली आहे. आजच्या मापनाप्रमाणें शनीचें हें स्थान हजार वर्षांत पांच अंशांच्या आसपास सरकतें. तेव्हां ही एकच संख्या दोन तऱ्हांनीं वागते. चंद्राच्या बाबतींत, जेथें ग्रहणें पाहून पिढ्यान्‌पिढ्या पडताळा घेतां आला, तेथें तिनें दिलेला चांद्रमास आधुनिक मापाशीं एका सेकंदाच्याहि आंत जुळतो. वर्षाच्या बाबतींत ती सुमारें तीन मिनिटांनीं चुकते. आणि जेथें पाहणेंच शक्य नव्हतें तेथें ती केवळ आंकडा देते. संख्येचा मोठेपणा तिन्हीं ठिकाणीं सारखाच. खरेपणा मात्र पाहणाराच्या डोळ्यांनीं जेवढा दिला तेवढाच.

ही गोष्ट आमच्याच देशांतील एका ज्योतिष्यानें पांचशें वर्षांपूर्वीं ओळखली होती. कोंकणांतील नांदगांवच्या केशव दैवज्ञांचा पुत्र गणेश दैवज्ञ ह्यानें शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हा आरंभ धरून ग्रहलाघव हा करणग्रंथ रचिला. आरंभापासूनचे गत दिवस, ज्यांस अहर्गण म्हणतात, ते कल्पापासून काढले तर संख्या बारा अंकी होते, आणि तिला दहा-अकरा अंकी भगणांनीं गुणून तेरा अंकी दिवसांनीं भागावयाचें. गणेशानें हें ओझें एका झटक्यानें उतरविलें. शकांतून १,४४२ वजा करावे, बाकीला अकरांनीं भागावें. भागाकार तें चक्र. प्रत्येक चक्र ४,०१६ दिवसांचें, कारण अकरा वर्षांत बहुधा चार अधिकमास धरून १३६ चांद्रमास होतात आणि त्यांचे दिवस ४,०१६ भरतात. चक्रागणिक प्रत्येक ग्रहाला किती ढळावें लागतें तें एकदांच काढून ठेविलें. आतां अहर्गण चार अंकांच्या पुढें जातच नाहीं. ४,०१६ ला सातानें भागलें तर बाकी पांच. म्हणून वार काढतांना चक्राच्या पांचपट मिळविली कीं झालें. ज्या-कोटिज्यांचा खटाटोपहि त्यानें टाळला. देशावर आणि कोंकणांत घरोघरचें पंचांग पुढें तीन-साडेतीनशें वर्षें ह्या लहानशा ग्रंथावर चाललें, त्याचें कारण हेंच.

परंतु केवळ सोपेपणा हा गणेश दैवज्ञाचा खरा मोठेपणा नव्हे. त्यानें कोणत्याहि एका सिद्धांताची शपथ घेतली नाहीं. सूर्य एका पक्षाचा, दुसरा ग्रह दुसऱ्या पक्षाचा, कोठें स्वतःचा संस्कार, असें करून जें आकाशांत दिसेल तें त्यानें घेतलें. दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना पटणें, ही त्याची कसोटी. कल्पसंख्येचा मान राखावा म्हणून त्यानें चुकलेला ग्रह बरोबर मानिला नाहीं.

त्याच्या मागून आलेल्यांनीं मात्र ग्रहलाघवालाच कल्पासारखें अढळ मानिलें. वर्षमानांतली तीनसाडेतीन मिनिटांची चूक एका वर्षांत कोणास दिसत नाहीं. पांचशें वर्षांत ती एका दिवसाहून अधिक होते. एकोणिसाव्या शतकांत पंचांगांतलें ग्रहण आणि आकाशांतलें ग्रहण ह्यांत अंतर पडूं लागलें तेव्हां केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं १८६० सालीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचें, पटवर्धनी ह्या नांवानें ओळखलें जाणारें पंचांग निघूं लागलें. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहून ह्या सर्व संख्यांची छाननी केली. पुढें लोकमान्य टिळकांनीं पंचांगशोधनाचा प्रश्न हातीं घेतला. १९०४ सालीं मुंबईस आणि लोकमान्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या काळांत सांगलीस ह्या कामासाठीं ज्योतिष्यांचीं संमेलनें भरलीं. ज्या कृष्णाकांठीं कल्पाचा रोज उच्चार होतो, त्याच कांठीं कल्पावरून आलेल्या गणिताचा विचार करावयास विद्वान बसले, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

ह्या चळवळींत वादाचे दोन प्रश्न होते. पहिला, जुन्या संख्या सोडून नवीन वेधांवर ग्रह काढावे कीं नाहीं. दुसरा, मेषारंभ कोठें मानावा. रेवतीच्या योगताऱ्यापाशीं मानणारा पक्ष टिळकांच्या नांवानें ओळखला जातो. चित्रेच्या समोरचा बिंदु घेणारा पक्ष बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर ह्यांच्या गणितानें प्रबळ झाला. दोन बिंदूंत सुमारें चार अंशांचें अंतर आहे. सूर्याला तें चालावयास चारेक दिवस लागतात. तेवढ्यानें कांहीं वर्षीं अधिकमासच निराळा येतो, आणि एकाच आळींतल्या दोन घरीं गणपति एक महिन्याच्या अंतरानें बसतो. हा वाद श्रद्धाळू आणि अश्रद्ध ह्यांचा नव्हता. ज्यांना श्राद्धाची तिथि खरी हवी होती त्यांचाच तो होता. तिथि चुकली तर वडिलांच्या नांवें दिलेलें पाणी चुकीच्या दिवशीं पडेल, ही कळकळ त्याच्या मुळाशीं होती.

ऋतूंचा प्रश्न तर अजून तसाच आहे. जुनें वर्ष ऋतुवर्षापेक्षां तेवीस मिनिटांहून अधिक मोठें आहे. साडेएकसष्ट वर्षांत एक दिवस पुढें जातो. म्हणून सूर्य दक्षिणेकडून परत फिरतो डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, आणि तिळगूळ आपण जानेवारीच्या १४ वा १५ तारखेस वाटतों. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं नेमलेल्या समितीनें ऋतूंना धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुचविली आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, पासून ती सरकारी व्यवहारांत आली. घराघरांतल्या सणांवर तिचा अंमल बसला नाहीं.

आतां आरंभींच्या दोन मतांकडे वळूं. पृथ्वीचें वय शास्त्रज्ञ सुमारें ४५४ कोटि वर्षें सांगतात. कल्प ४३२ कोटींचा. ह्यावरून जे पूर्वजांच्या सर्वज्ञतेचा डंका पिटतात त्यांनीं स्वतःच्याच पंचांगाचें पहिलें पान वाचलेलें नसतें. परंपरेप्रमाणें ४३२ कोटि हें ह्या दिवसाचें संपूर्ण आयुष्य आहे, गेलेलें वय नव्हे. गेलीं आहेत सुमारें १९७ कोटि. वय म्हणून तुलना करावयाची तर ह्या संख्येशीं केली पाहिजे, आणि ती जुळत नाहीं. खोट्या प्रशंसेनें ह्या संख्येचा गौरव होत नाहीं, उलट तिच्या ठिकाणीं जी खरी बुद्धि आहे ती झांकली जाते. दुसऱ्या मताच्या लोकांस आमचें एवढेंच सांगणें कीं, शून्यें लिहावयास कांहीं लागत नाहीं हें खरें, पण ५३,४३,३३,००,००० ही संख्या अशी लिहावयास कीं तिच्यावरून काढलेला महिना हजार वर्षांनंतरहि सेकंदाच्या आंत खरा ठरावा, फार कांहीं लागतें. त्यासाठीं कित्येक पिढ्यांनीं रात्रीं जागून ग्रहणें पाहावीं लागतात.

कृष्णेच्या पाण्यांत उभें राहून संकल्प म्हणावा कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु म्हणणारानें हें जाणून म्हणावें कीं, ज्या संख्येचें नांव तो घेत आहे ती विश्वाच्या जन्माची नोंद नव्हे. आकाश मोजावयास माणसांनीं घडविलेली ती एक मोजपट्टी आहे. मोजपट्टी झिजली तर नवी करावी, हेंच गणेश दैवज्ञ, केरोपंत आणि सांगलीस जमलेले ज्योतिषी ह्यांनीं केलें. घरांतल्या शाळकरी मुलानें एखाद्या संध्याकाळीं १,९७,२९,४४,००० ला ३,२०० नीं भागून, पुढें गुणून आणि शेवटीं सातानें भागून शुक्रवार काढला, तर त्याच्या हातून ह्या वारशाचा जो आदर होईल तो कोरड्या अभिमानानें व्हावयाचा नाहीं.